स्वॅब कोणी घेतला

६ जानेवारी

ठकू,

फोनवर मी 'बाबा' म्हटलं की तू फोन ठेवतेस, म्हणून आता पत्र. कागद बाजूला टाकता येतो, फाडताही येतो, पण 'ताई, आवाज येत नाहीये' असं त्याला सांगता येत नाही.

बाबांना भेटायला ये. मुद्द्याचं लिहून टाकलं. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर इथेच थांबलीस तरी चालेल.

तब्येत म्हणशील तर खाणंपिणं ठीक आहे, डोकं ठीक नाही. गॅस चालू ठेवून बसतात. परवा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाले, दुकान उघडायचंय, गिऱ्हाईक ताटकळत असेल. घड्याळाचं दुकान विकून सात वर्षं झाली. मी म्हटलं, आज सुट्टी आहे बाबा. तर म्हणतात, "मग तू कुठे निघालीस पर्स घेऊन?" हजरजबाबीपणा शाबूत आहे. हातही शाबूत आहे. शेजारच्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्यांनी तासाभरात चालू करून दिलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली आणि हात जरासुद्धा हलला नाही. जेवताना मला विचारलं, ते घड्याळ कोणाचं होतं?

विसरायला नको म्हणून खिशात एक छोटी वही ठेवतात आता. 'दुपारची गोळी. दाराची कडी. थोरली सहाला येते.' असलं काहीबाही लिहितात. थोरली म्हणजे मी.

तुझा राग मला कळतो. तुझे मास्तर किडनी बदलून जेमतेम घरी आले होते, आणि बाबा सर्दी घेऊन तुझ्याकडे आठ दिवस राहायला आले. स्वॅब निगेटिव्ह आला होता म्हणूनच आले, पण तो त्यांचा त्यांनी घेतलेला, नाकाला काडी नुसती लावून काढली असणार. तिसऱ्या दिवशी बाबांना ताप, पाचव्या दिवशी मास्तरांना. बाबा उठले, मास्तर गेले. 'बाबांच्या बेफिकिरीने माझा नवरा गेला' हे तू मला शंभरदा ऐकवलंस आणि मी ऐकून घेतलं. चार वर्षं तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, तेही मी ऐकून घेतल्यासारखंच झालं.

पण आता वेळ कमी आहे. त्यांना तू ओळखू येतेस तोवर ये.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ठकू,

तुझा मेसेज मिळाला. 'त्यांच्यावर राग उरला नाही, पण तोंड बघवत नाही.' मी हे बाबांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, धाकटीचं काय आलं? मी म्हटलं, कामात आहे. त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं. 'धाकटी कामात आहे.'

दुसरं काहीतरी लिहिते. तुला बाबांचं ऐकायचं नाही, तर माझंच ऐक, माझं तरी कोण ऐकतंय.

आरोग्य केंद्रावर नवीन टूम निघाली आहे. आमच्या डॉक्टरीणबाई (वय असेल तिशीचं, पण चालतात अशा की जिना त्यांच्या मालकीचा) अभ्यास करतायत. सर्दी-खोकल्याचा माणूस आला की त्याचे दोन स्वॅब. एक आम्ही घ्यायचा, नेहमीसारखा खोल. दुसरा त्याने स्वतः, नाकाच्या पुढच्या भागातून, चित्रांचा कागद बघून. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं स्टिकर, दोन्ही लॅबला, आणि कोणाच्या नळीत विषाणू जास्त सापडतो ते बघायचं. लॅबवाल्यांना कुठली नळी कोणाची हे सांगायचं नाही.

मला आधी रागच आला. चोवीस वर्षं हे काम केलं. दीड वर्ष तर प्लास्टिकच्या झग्यात दिवसाला दीडदीडशे नाकं बघितली, घामाने बुटात पाणी व्हायचं. आणि आता म्हणे भाजीवालीने चित्र बघून केलं तरी तेवढंच. मग आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, तसं निघालं तर तुमचेच हाल वाचतील." हाल वाचतील हे खरं. पण माणसाला आपल्या हालांचाही अभिमान असतो.

तुला माझी ख्याती माहीत आहे. 'हलका हात.' लोक रांगेत मागच्याला जागा देतात पण माझ्याच टेबलाशी येतात. दुसऱ्या टेबलावर जो बसतो त्याला सगळे ड्रिलवाला म्हणतात. तो काडी आत घालतो, दहापर्यंत मोजतो, तोवर समोरचा खुर्चीसकट मागे सरकतो. एक शिंपीण त्याला म्हणाली, "मी शिलाई मशीनमध्ये दोरासुद्धा इतक्या जोरात ओवत नाही." तो आपला हसतो आणि मोजत राहतो.

लोक स्वतः घेतात ते बघण्यासारखं असतं. एका बस कंडक्टरने आधी ती काडी गालाला लावली. एक निवृत्त मुख्याध्यापक चित्रातली चूक काढत बसले, डावी नाकपुडी उजवीकडे दाखवलीय म्हणून. पण एकदा कळलं की काय गं मन लावून करतात. स्वतःचं नाक स्वतःच्या हातात असलं की माणूस घाबरत नाही. पाच वेळा फिरवा म्हटलं तर सहा वेळा फिरवतात.

पाय सुजलेत. बाबा हाक मारतायत, बहुतेक चष्मा सापडत नाहीये. डोक्यावर असेल.

ताई


१६ फेब्रुवारी

ठकू,

महिना झाला, तू काही कळवलं नाहीस. ठीक आहे.

अभ्यास संपला. निकाल आज सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या केंद्रापुरतं तरी असं निघालं की लोकांनी स्वतः घेतलेले स्वॅब आमच्याइतकेच चांगले. शंभरात दोन-तीनचा फरक, तोही कधी इकडे कधी तिकडे. टाळ्या झाल्या. चहा झाला.

चहानंतर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं, दार लावलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका." असं कोणी म्हणालं की वाईटच असतं. मग त्यांनी कागद दाखवला. काडीवर विषाणू असो-नसो, माणसाच्या नाकातल्या पेशी किती आल्या तेही मशीन मोजतं. पेशीच आल्या नसतील तर काडी आत गेली, पण लागली नाही. असा स्वॅब निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ 'आजार नाही' असा नसतो, 'काही कळलं नाही' असा असतो. ड्रिलवाल्याच्या काड्यांवर पेशी भरपूर. लोकांच्या स्वतःच्या काड्यांवर भरपूर. माझ्या काड्यांवर निम्म्या. सात जणांचं असं झालंय की त्यांनी स्वतः घेतलेला पॉझिटिव्ह आला आणि पाच मिनिटांनी मी घेतलेला निगेटिव्ह.

"तुम्ही फार हलक्या हाताने घेता," असं त्या म्हणाल्या. चोवीस वर्षं हेच वाक्य लोक मला आशीर्वादासारखं म्हणत आले.

मी बाहेर येऊन हात धुतले. परत धुतले. ड्रिलवाल्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "तुम्ही लोकांना दुखवत नाही, मी दुखवतो. मला रोज शिव्या बसतात. तुम्हाला एक दिवस बसल्या." त्याने ते समजूत काढायलाच म्हटलं होतं.

आता तुझ्या मनात येईल की मग बाबांचं काय. लोक स्वतः इतकं नीट घेतात, तर बाबांनी, ज्यांनी जन्मभर भिंगातून घड्याळं उघडली, त्यांनीच नेमका कसा वाईट घेतला? हे तुझ्या मनात येणार हे मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्याच कळलं. त्याबद्दल मला तुला

दूध उतू गेलं. उद्या लिहिते.


१७ फेब्रुवारी

ठकू,

दूध उतू गेलं नव्हतं. आम्ही दूध सकाळी तापवतो.

बाबांचा स्वॅब मी घेतला.

हे एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली आणि आज सकाळपासून तीन कागद. आता बाकीचं सांगते, उभ्याने सांगितल्यासारखं, कारण बसले तर सजवायला लागेन.

तुझ्याकडे निघायचं त्या आधीच्या दिवशी बाबांना दोन शिंका आल्या. तू फोनवर म्हणालीस, टेस्ट केल्याशिवाय पाठवू नकोस. बरोबरच होतं तुझं. मी केंद्रावरून काडी आणि नळी घरी आणली. त्या दिवशी माझी दुहेरी पाळी झाली होती. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले. त्यांच्या नाकाचं हाड सायकलवरून पडल्यापासून वाकडं आहे, तुला माहीत आहे. काडी आत घातली तर त्यांनी माझं मनगट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी लगेच काढली. एकच नाकपुडी, फार तर दोन सेकंद. दुसरीत घातलीच नाही. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं. मला माहीत होतं की झालं नाही. इतकं मला कळत होतं. पण बाबांना दुखत होतं, मी दमले होते, आणि दोन शिंकांनी काय होणार असं वाटलं. फॉर्मवर 'नमुना कोणी घेतला' इथे माझी सही आहे. तो फॉर्म केंद्राच्या कपाटात आहे, मी आज काढून बघितला.

मग तुझा तो फोन. मास्तरांना ऑक्सिजन लावला होता आणि तू वॉर्डाबाहेरून बोलत होतीस. बाबा तोवर बरे होऊन माझ्याकडे परत आले होते, माझ्यासमोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता. तू विचारलंस, "ताई, स्वॅब कोणी घेतला होता?" तुझ्या आवाजात जे होतं ते माझ्या अंगावर आलं असतं तर मी मेले असते, असं मला तेव्हा वाटलं. मी म्हटलं, "बाबांनी स्वतःच घेतला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बंद घड्याळाकडे बघतात तसं, कुठे अडलंय ते शोधल्यासारखं. मग फोनजवळ वाकून म्हणाले, "हो बाळ, मीच घेतला. हात थरथरतो गं माझा हल्ली."

घड्याळजीचा हात. तुला तेव्हा खटकेल असं मला वाटलं होतं. खटकलं नाही म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

नंतर एकदाच मी त्यांना म्हटलं, बाबा, मी तिला खरं सांगते. ते म्हणाले, "म्हाताऱ्या बापावर रागावून पोरगी जगेल. बहिणीवर रागावली तर तिला दुसरं आहे कोण?" मी लगेच मान डोलावली. मला तेच हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना मी आज सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की इतक्या सुरुवातीला नीट घेतला असता तरी निगेटिव्ह येऊ शकला असता, कोणी सांगू शकत नाही. हे तुला सांगू की नको असा विचार केला. खरं आहे म्हणून सांगितलं. मी त्याच्या आडोशाला उभी राहणार नाही. स्वॅब मी वाईट घेतला आणि नाव बाबांचं सांगितलं. पहिली चूक दमलेल्या बाईची होती. दुसरी माझी.

तुला जे म्हणायचं असेल ते मला म्हण.

ताई


५ मार्च

ठकू,

तू फोन उचलत नाहीस. तुझी कामवाली म्हणाली की पत्र मिळालं, बाई वाचून गच्चीवर जाऊन बसल्या. मी उत्तर मागत नाही. तुला माझं तोंड बघवणार नाही, ते मी धरूनच चालते. पण एक झालंय ते तुला कळवायलाच हवं.

गेल्या गुरुवारी बाबांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, टेस्ट करून घ्या. केंद्रावर आता घरी न्यायचे संच देतात, तोच चित्रांचा कागद घालून. मी संच आणला, काडी उघडली, आणि माझा हात पुढे जाईना. बाबा म्हणाले, "दे इकडे."

चष्मा लावून त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग काडी धरली, चिमटा धरायचे तशी, दोन बोटांत. आत घातली, मोठ्याने मोजत पाच वेळा फिरवली. मग दुसरी नाकपुडी, वाकड्या हाडाची. डोळ्यांतून पाणी गळत होतं, मोजणं थांबलं नाही. काडी खुणेवर मोडली, नळीला झाकण लावलं, उजेडात धरून बघितलं. ठकू, मी हजारो स्वॅब घेतले असतील, इतका नीट एकही घेतला नसेल.

मग नळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मागच्या वेळी मी घाई केली. त्यात जावईबापू गेले. या वेळी नीट घेतलाय."

मला आधी वाटलं, अजून माझ्यासाठी निभावतायत. घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, बाबा, इथे कोणी नाहीये, मला कशाला सांगता? त्यांना कळलंच नाही मी काय म्हणते ते. त्यांच्या डोक्यातून बाकी सगळं गळालं, माझं काडी घालणं, तुझा फोन, माझं खोटं. राहिलं ते एवढंच की स्वॅब त्यांनी घेतला, वाईट घेतला, आणि जावई गेला. त्यांनी ते माझ्याकरता उचललं होतं, आता ते त्यांचंच झालंय.

मी त्यांना सांगितलं. शेजारी बसून, हात धरून सांगितलं की तुम्ही नव्हता घेतला, मी घेतला. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "तू चांगली आहेस गं. पण माझं ओझं तू कशाला घेतेस?" मी फॉर्मची प्रत दाखवली. त्यांनी नीट वाचली आणि म्हणाले, "सही तुझी असणारच, तुमच्याकडे तसा नियम असेल." दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. काल परत. आता ते वैतागतात. काल म्हणाले, "धाकटी माझ्याशी बोलत नाही ते काय उगाच?"

त्यांच्याकडे पुरावा आहे. तू आहेस तो पुरावा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, स्पष्ट. काळजीचं नाही, ताप उतरलाय, अशक्तपणा आहे. पंधरा तारखेनंतर आलीस तरी तुला धोका नाही, मी डॉक्टरांना विचारून लिहितेय.

आज त्यांचे कपडे धुवायला काढले तर खिशात वही होती. गोळ्या, दाराची कडी, मी कधी येते ते. आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर एक ओळ. दर दिवशी नवीन पान काढतात आणि ती ओळ पुन्हा लिहितात, विसरायला नको म्हणून. अक्षर बघ, अजून तसंच आहे, डबीवर गिऱ्हाईकाचं नाव लिहायचे तसं. मी एक पान काढून सोबत पाठवतेय.

'धाकटी आली की आधी माफी मागायची. स्वॅब मी नीट घेतला नव्हता.'

मला माफ कर असं मी तुला लिहीत नाही. मला जे बोलायचं ते तू आयुष्यभर बोल, मी कुठे जात नाही. पण माझं त्यांना पटत नाही, ठकू. तुझं पटेल. तू समोर बसून म्हणालीस की बाबा, तो स्वॅब ताईने घेतला होता, तर ते ऐकतील. उद्या विसरतील, तर उद्या परत सांगावं लागेल. ओळखतात तोवरच हे जमणार आहे.

ही सगळी पत्रं फाडायची तर फाड. ते पान तेवढं फाडू नकोस. ते घेऊन ये आणि त्यांच्यासमोर फाड.

ताई